चौसष्ट संघ, त्रेसष्ट सामने आणि एक गुडघा

आधी एक कोडे. एका फुटबॉल स्पर्धेत ६४ संघ आहेत. स्पर्धा बाद पद्धतीची आहे. जो हरला तो घरी गेला, त्याला दुसरी संधी नाही. बरोबरी झाली तरी जादा वेळ खेळवून किंवा पेनल्टी मारायला लावून कोण पुढे जाणार ते ठरवायचेच. तर विजेता ठरेपर्यंत एकूण किती सामने होतील?

तुमच्यापैकी बहुतेकांनी वहीचे मागचे पान उघडले असेल. पहिल्या फेरीत ३२ सामने, मग १६, मग ८, ४, २ आणि शेवटचा १. बेरीज ६३. उत्तर बरोबर आहे, पण बेरजेची गरजच नव्हती. प्रत्येक सामन्यात एक, आणि एकच, संघ बाद होतो. ६४ पैकी एकाला सोडून बाकीचे ६३ बाद करायचे, म्हणून सामने ६३. संघ ६४ ऐवजी १२ असते, काहींना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली असती, तरी उत्तर क्षणात देता येते : ११. कबड्डीपासून कॅरमपर्यंत कुठल्याही बाद स्पर्धेला ही युक्ती लागू पडते.

हे ६४ संघ मी मनाने घेतलेले नाहीत. अमेरिकेतील विद्यापीठांच्या मुलींची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा २००१ पासून ६४ संघांची होते. (तिकडे या खेळाला 'सॉकर' म्हणतात, कारण फुटबॉल हे नाव त्यांनी हाताने चेंडू घेऊन पळण्याच्या दुसऱ्याच एका खेळाला देऊन टाकले आहे!) या स्पर्धेची गोष्ट खेळाची आहे, पण तिच्यात गणित आहे, यामिकी आहे, शरीरशास्त्र आहे, आणि एक मोठा प्रयोगही आहे. म्हणून ती या पानांवर.

कायद्याच्या एका कलमातून

१९७१-७२ या शालेय वर्षात अमेरिकेतील सगळ्या माध्यमिक शाळा मिळून संघातून फुटबॉल खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे ७००. एवढ्या मोठ्या देशात सातशे! १९७२ च्या जून महिन्यात तिथे शिक्षणविषयक एक कायदा झाला. त्याचे नववे प्रकरण 'टायटल नाइन' या नावाने प्रसिद्ध आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे. गंमत अशी की, त्या मूळ कलमात 'खेळ' हा शब्दच नाही. हा कायदा व्हावा म्हणून झटलेल्या पॅट्सी मिंक या लोकप्रतिनिधीला तरुणपणी, केवळ ती स्त्री म्हणून, वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला होता. तिच्या मनात डॉक्टर, वकील होऊ पाहणाऱ्या मुली असणार. पण विद्यापीठांची मैदाने, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या हाही शिक्षणाचाच भाग ठरला आणि मुलींसाठी संघ निघू लागले. २०२२-२३ मध्ये माध्यमिक शाळांतून फुटबॉल खेळणाऱ्या मुलींची संख्या पावणेचार लाखांच्या आसपास होती. विद्यापीठांच्या सर्वांत वरच्या गटात आज ३३० हून अधिक महिला संघ आहेत.

विद्यापीठांच्या महिला संघांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली झाली. ती महिलांच्या वेगळ्या क्रीडासंघटनेने भरवली होती. दुसऱ्याच वर्षी, १९८२ मध्ये, विद्यापीठांच्या मुख्य क्रीडासंघटनेने म्हणजे 'एनसीएए'ने हे काम हाती घेतले. त्या वर्षी संघ होते १२. अंतिम सामना फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो येथे झाला आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाला २-० असे हरवले. १९८१ ची पहिली स्पर्धाही नॉर्थ कॅरोलायनानेच, याच संघाला हरवून जिंकली होती.

आणि मग ती जिंकतच राहिली. १९८५ च्या अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाने तिला धूळ चारली खरी, पण १९८६ ते १९९४ अशी सलग नऊ वर्षे करंडक नॉर्थ कॅरोलायनाकडेच राहिला. १९८६ ते १९९० या काळात हा संघ सलग १०३ सामने हरला नाही. मिया हॅम या विख्यात खेळाडूने विद्यापीठाकडून ९५ सामने खेळले, आणि त्यांतला फक्त एक तिच्या संघाने गमावला.

हे नशीब म्हणायचे का? थोडे गणित करून पाहू. त्या काळी संघ कमी होते, त्यामुळे वर्षाला तीन-चार सामने जिंकले की करंडक मिळे. आपण तीनच धरू. समजा, हा संघ इतका चांगला आहे की दहापैकी नऊ सामने जिंकतो. म्हणजे एक सामना जिंकण्याची संभाव्यता ०.९. तीन सामने ओळीने जिंकण्याची संभाव्यता ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे ०.७२९. वाईट नाही. पण नऊ वर्षे ओळीने म्हणजे २७ सामने ओळीने. ०.९ ला ०.९ ने असे गुणत गेलो की उत्तर येते सुमारे ०.०५८. सतरात एक! दहापैकी नऊ जिंकणाऱ्या संघालाही हा विक्रम सतरात एकदाच जमेल. तेव्हा हा संघ नव्वद टक्क्यांच्याही बराच वरचा असला पाहिजे. बाद स्पर्धा किती निर्दय असते तेही या गुणाकारातून कळते. एक वाईट दुपार पुरते.

या संघाचे प्रशिक्षक होते अ‍ॅन्सन डोरन्स. त्यांची एक पद्धत शास्त्रीय म्हणावी अशी होती. सरावातल्या प्रत्येक छोट्या झुंजीची नोंद होई : कोण कोणाकडून चेंडू हिसकावते, कोण शर्यतीत पुढे येते. त्यावरून खेळाडूंची क्रमवारी लावून ती सर्वांना दिसेल अशी टांगली जाई. काहींना ती नकोशी वाटत असणार, मला तरी वाटली असती. २०२४ च्या हंगामाच्या तोंडावर ते निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या विद्यापीठाने वेक फॉरेस्ट विद्यापीठाला १-० असे हरवून एनसीएएचे बाविसावे विजेतेपद मिळवले. मात्र आता मैदान एकाच संघाचे राहिलेले नाही. स्टॅनफर्ड आणि फ्लोरिडा स्टेट या विद्यापीठांनी गेल्या काही वर्षांत अनेकदा करंडक नेला आहे.

दोन गुडघ्यांची खेळाडू

१० जुलै १९९९. कॅलिफोर्नियातील 'रोझ बोल' मैदान. महिलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध चीन. प्रेक्षक नव्वद हजारांहून जास्त. जादा वेळ संपला तरी एकही गोल नाही, म्हणून पेनल्टी. शेवटची पेनल्टी मारायला आली ब्रँडी चॅस्टेन. तिने डाव्या पायाने चेंडू जाळ्यात धाडला आणि अमेरिका जगज्जेती झाली. ते चित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले.

त्या चित्रात न दिसणारी गोष्ट अशी : चॅस्टेन १९८६ साली बर्कली येथील विद्यापीठाकडून खेळू लागली. त्यानंतर तिच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. १९८७ चा हंगाम गेला, १९८८ चाही गेला. मग ती सांता क्लारा विद्यापीठात गेली आणि तिथून पुन्हा वर आली. मेगन रॅपिनो ही दुसरी जगप्रसिद्ध खेळाडू. २००५ साली पोर्टलंड विद्यापीठाने एकही सामना न हरता ही स्पर्धा जिंकली, तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती. २००६ मध्ये तिचा गुडघा गेला. तो बरा होतो न होतो तोच २००७ मध्ये तोच गुडघा पुन्हा गेला.

'गुडघा गेला' म्हणजे नेमके काय गेले?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड गुडघ्यात एकमेकांवर टेकतात. दाराच्या बिजागरीसारखा हा सांधा आहे असे आपण शाळेत शिकतो, पण बिजागरीला मधून खिळा असतो, गुडघ्याला नाही. दोन्ही हाडे जागेवर धरून ठेवतात ती चिवट पट्ट्यांसारखी लिगामेंटे, म्हणजे अस्थिबंध. त्यांतील दोन सांध्याच्या अगदी आत, एकमेकांना छेदून, फुलीच्या आकारात असतात. पुढच्या बंधाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एसीएल' म्हणतात. जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब, आपल्या करंगळीएवढा जाड. नडगीचे हाड पुढे सरकू द्यायचे नाही आणि भलतीकडे पिळू द्यायचे नाही, ही त्याची कामे. तरुण माणसांच्या गुडघ्यांवर प्रयोगशाळेत केलेल्या मापनात हा बंध तुटायला सुमारे २,१६० न्यूटन बल लागले. म्हणजे साधारण २२० किलो वजन टांगल्यासारखे. बोटाएवढ्या दोरीच्या मानाने हे पुष्कळ झाले. तरीही तो तुटतो.

आणि कसा तुटतो हे ऐकून नवल वाटेल. धडक होऊन, लाथ बसून तुटत असेल असे आपण धरून चालतो. पण दहातल्या साधारण सात वेळा खेळाडूला कोणी स्पर्शही केलेला नसतो. ती धावता धावता अचानक थांबते, किंवा दिशा बदलते, किंवा हवेतून एका पायावर उतरते. खो-खोत हुलकावणी देताना आपण जशी पावले टाकतो तशी. 'टक्' असा आवाज होतो आणि ती खाली बसते. हा बंध सांध्यातल्या द्रवात बुडालेला असल्याने त्याची तुटलेली टोके हाडासारखी आपोआप नीट जुळून येत नाहीत. मग शस्त्रक्रिया करून तिच्याच गुडघ्याजवळच्या दुसऱ्या कंडरेचा तुकडा तिथे बसवतात. पुन्हा खेळायला नऊ महिने ते वर्ष लागते. विद्यापीठाचा फुटबॉल हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर. म्हणजे एका 'टक्'मध्ये किमान एक हंगाम गेला.

हंगाम गेल्याचे दुःख काही वर्षांत विसरता येते. पुढची गोष्ट तशी नाही. स्वीडनमध्ये, हा बंध तुटून बारा वर्षे झालेल्या महिला फुटबॉलपटूंची तपासणी करण्यात आली. त्यांचे सरासरी वय होते ३१. ज्यांच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे काढली त्यांतल्या निम्म्या जणींच्या गुडघ्यात संधिवाताची स्पष्ट चिन्हे होती. आजीबाईंचा म्हणून आपण ओळखतो तो आजार, ऐन तिशीत.

मोजल्याशिवाय कळत नाही

मुली मोठ्या संख्येने खेळू लागल्या तेव्हा संघांबरोबर असणाऱ्या डॉक्टरांना वाटू लागले की मुलींचे गुडघे जास्त जातात. पण 'वाटणे' म्हणजे पुरावा नव्हे. संख्या मोजायची तर कशी? नुसते 'अमुक मुलींना दुखापत झाली' म्हणून भागत नाही. जो जास्त खेळेल त्याला जास्त लागेल, हे उघडच आहे. यासाठी एक साधे एकक ठरवले गेले : एका खेळाडूने एका सरावात किंवा सामन्यात भाग घेतला की एक 'हजेरी'. दर १,००० हजेऱ्यांमागे किती दुखापती, असे मोजायचे. एनसीएए १९८२ पासून दुखापतींची अशी नोंद ठेवत आली आहे. त्याच वर्षी तिची महिला फुटबॉल स्पर्धा सुरू झाली, हा एक योगायोग.

१९९५ साली एलिझाबेथ आरेंट आणि रँडल डिक यांनी १९८९ ते १९९३ च्या नोंदी तपासून आकडे जाहीर केले. फुटबॉलमध्ये या बंधाच्या दुखापती पुरुषांत दर हजार हजेऱ्यांमागे ०.१३, स्त्रियांत ०.३१. दुपटीहून जास्त!

०.३१ हा आकडा पाहून 'एवढेच?' असे वाटेल. तेव्हा पुन्हा पेन्सिल घ्या. संघात २५ मुली आहेत आणि हंगामात सराव व सामने मिळून ८० दिवस आहेत असे धरा. हजेऱ्या झाल्या २,०००. दुखापती ०.६२. म्हणजे दर तीन संघांमागे जवळजवळ दोन संघांत, दरवर्षी, एका मुलीचा गुडघा जाणार. मुलांच्या संघांत हाच हिशेब चारांत एक असा येतो.

असे का?

खरे सांगायचे तर याचे एकच एक उत्तर नाही. वयात येताना मुलींच्या कमरेची आणि पायांची ठेवण बदलते. मांडीच्या हाडाच्या टोकाशी ज्या खाचेत हा बंध बसतो ती मुलींमध्ये सरासरीने अरुंद असते, आणि बंधही लहान असतो. शरीरातील संप्रेरकांचा बंधाच्या ताणावर परिणाम होतो का, यावर बरेच संशोधन झाले आहे. अलीकडे काही संशोधकांनी वेगळाच प्रश्न विचारला आहे. मुलींना लहानपणापासून वजने उचलायला, उड्या मारायला, पडून उठायला मुलांइतके शिकवले जाते का? त्यांना मिळणारी मैदाने आणि बूट त्यांच्यासाठी केलेले असतात का? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. कारण खाचेची रुंदी बदलता येत नाही, पण सराव बदलता येतो.

सरावाने काय बदलता येईल ते समजण्यासाठी उडीकडे पाहू.

चेंडू डोक्याने मारून खेळाडू ३० सेंटिमीटर उंचीवरून खाली येते. जमिनीला पाय लागतो तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर असतो. तो शून्यावर आणायचा आहे. गुडघे ताठ ठेवले तर शरीर जेमतेम ५ सेंटिमीटर खाली जाऊन थांबेल. गुडघे आणि कंबर वाकवून उतरली तर, समजा, ३० सेंटिमीटर खाली जाईल. जमिनीने दिलेले सरासरी बल काढण्याचे सूत्र सोपे आहे : पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, अधिक एक, आणि त्याला शरीराच्या वजनाने गुणायचे. पहिल्या वेळी ३० भागिले ५ अधिक १, म्हणजे वजनाच्या सातपट. दुसऱ्या वेळी ३० भागिले ३० अधिक १, म्हणजे दुप्पट. ५० किलोच्या मुलीला एकदा ३५० किलोचा भार, एकदा १०० किलोचा. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात, त्याचे कारण तेच.

अर्थात हा सगळा भार त्या बंधावर येत नाही. बराचसा हाडांवरून सरळ खाली जातो. पण पाय ताठ असेल आणि गुडघा आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडे, कलला असेल तर भाराचा काही हिस्सा सांधा पिळायला आणि फाकवायला लागतो. आणखी एक गोष्ट. मांडीचे पुढचे स्नायू आवळले की नडगी पुढे ओढली जाते आणि मागचे आवळले की मागे. म्हणजे मागचे स्नायू हे त्या बंधाचे मदतनीस. ते दुबळे असले, किंवा उशिरा जागे झाले, तर बंध एकटा पडतो.

'उशिरा' म्हणजे किती? खेळताना गुडघा गेल्याच्या दहा घटनांची एकाहून अधिक कॅमेऱ्यांनी घेतलेली दृश्ये जुळवून संशोधकांनी प्रत्येक क्षणाची मापे काढली. पाय जमिनीला लागल्यापासून बंध तुटेपर्यंतचा काळ निघाला सुमारे ४० मिलिसेकंद, सेकंदाचा पंचविसावा भाग. 'अरे, गुडघा चुकला' असे मेंदूला कळून त्याने स्नायूंना हुकूम द्यायला १५० ते २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे हुकूम पोहोचेपर्यंत सगळे संपलेले! चूक सुधारायला वेळच नाही. पाय हवेत असतानाच स्नायू तयार असायला हवेत, आणि ते होते केवळ सवयीने. सायकल शिकताना आपण जसे तोल सांभाळायला शिकतो, तसे उतरायला शिकावे लागते.

एकसष्ट संघांचा प्रयोग

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे डॉ. बर्ट मँडेलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक सराव तयार केला. वीस मिनिटांच्या आतला, खास साधन न लागणारा. थोडे धावणे, थोडे ताण देणे, मांड्या-पोटऱ्यांचा व्यायाम, छोट्या अडथळ्यांवरून पुढे-मागे आणि बाजूला उड्या, मग वळणे घेत धावणे. प्रत्येक उडीनंतर एकच घोषणा : हळू उतरा, गुडघे वाकवा, गुडघा पायाच्या बोटांच्या वर ठेवा, आत पडू देऊ नका. शाळकरी मुलींच्या संघांत तो करून पाहिला तेव्हा गुडघ्याच्या या दुखापती खूपच कमी झाल्या. पण तिथे संघांनी आपखुशीने भाग घेतला होता. उत्साही प्रशिक्षकांचे संघ मुळातच चांगले तयार असतील, अशी शंका घ्यायला जागा होती.

म्हणून २००२ च्या हंगामात विद्यापीठांच्या महिला संघांतच खरा प्रयोग झाला. वरच्या गटातील ६१ संघ, १,४३५ खेळाडू. कोणी हा सराव करायचा आणि कोणी नेहमीसारखे अंग मोकळे करायचे, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवावर सोडले. २६ संघांनी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा नवा सराव केला. ३५ संघ नेहमीप्रमाणे वागले. हंगाम संपल्यावर मोजणी झाली.

नव्या सरावाच्या संघांत ७ जणींचा हा बंध दुखावला, दुसऱ्या गटात १८ जणींचा. गट सारखे नव्हते, म्हणून हजेऱ्यांच्या हिशेबाने पाहायचे : ०.१९९ विरुद्ध ०.३४०. म्हणजे ४१ टक्के घट. कोणाचाही धक्का न लागता झालेल्या दुखापती तर २ विरुद्ध १०.

आता टाळ्या वाजवाव्यात असे वाटते. पण संशोधकांनी आणखी एक हिशेब केला, तोही समजून घ्या. सराव अगदी निरुपयोगी असता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता किती? एकूण दुखापतींच्या बाबतीत ती निघाली जवळजवळ पाचात एक. नाणे दोनदा उडवून दोन्ही वेळा छाप पडण्याची शक्यता चारात एक असते. पाचात एक तिच्या जवळचीच. एवढ्यावर कोणी पैज लावू नये. संशोधकांनी ही गोष्ट लपवली नाही. मात्र काही ठिकाणी चित्र जास्त स्पष्ट होते. सराव चालू असताना झालेल्या दुखापती : नव्या गटात शून्य, दुसऱ्या गटात सहा. हंगामाच्या उत्तरार्धात शून्य विरुद्ध पाच. पूर्वी गुडघा गेलेल्या मुलींत, धक्क्याशिवाय पुन्हा दुखापत, शून्य विरुद्ध चार. हे फरक योगायोगाने पडण्याची शक्यता वीसात एकाहूनही कमी होती.

१,४३५ खेळाडू घेऊनही उत्तर निःसंदिग्ध का आले नाही? कारण मोजायची गोष्टच दुर्मिळ आहे. हजारात एका हजेरीलासुद्धा जी घडत नाही, तिच्यात घट झाली हे ठामपणे म्हणायला हजारो हजेऱ्या पुरत नाहीत, लाखो लागतात. पुढे इतर देशांत प्रयोग झाले. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर आठ महिने याच धर्तीचा 'इलेव्हन प्लस' हा सराव आजमावला गेला. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्या. असे एकेक प्रयोग एकत्र करूनच आज हा सराव उपयोगी आहे असे डॉक्टर खात्रीने सांगतात.

उलट, एक आशा फोल ठरली. उडी मारून उतरताना जिचा गुडघा आत कलतो तिला पुढे दुखापत होईल, असे आधीच ओळखता येईल का? सिनसिनाटी येथील एका गटाने २०५ मुली तपासल्या. पुढे ज्या नऊ जणींचा बंध तुटला त्यांचा गुडघा उतरताना इतरांपेक्षा सरासरी ८ अंशांनी जास्त आत कललेला होता. पण पुढे नॉर्वेत सातशेहून अधिक खेळाडूंवर हीच परीक्षा घेतली तेव्हा तिच्यावरून कोणाचा गुडघा जाणार ते ओळखता आले नाही. तेव्हा 'तू ठीक आहेस, तुला व्यायाम नको' असे कोणालाच सांगता येत नाही. सगळ्यांनीच करायचा.

आता स्पर्धेच्या कोड्याकडे पुन्हा वळा. ६४ संघांत विजेत्या संघाला सहा सामने ओळीने जिंकावे लागतात, आणि एखाद्या आठवड्यात शुक्रवारी एक, रविवारी दुसरा असेही खेळावे लागते. तेही चार महिन्यांच्या हंगामानंतर, थकलेल्या पायांनी. हंगामाच्या उत्तरार्धातले ते 'शून्य विरुद्ध पाच' म्हणूनच प्रशिक्षकांच्या डोळ्यांत भरले. आपल्याकडेही भारतीय विद्यापीठ संघाच्या वतीने मुलींच्या आंतरविद्यापीठ फुटबॉल स्पर्धा होतात, आधी विभागवार आणि मग अखिल भारतीय. तिथे आणि आपल्या शाळेच्या मैदानावर गुडघा एकाच नियमाने चालतो.

तुम्ही स्वतः एक गोष्ट करून पाहू शकता. एक फूट उंचीच्या पायरीवरून मऊ मातीवर दोन्ही पायांनी उतरा आणि मैत्रिणीला समोरून पाहायला सांगा, किंवा घरातल्या कोणाच्या मोबाईलवर चित्रण करून ते हळू वेगाने बघा. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहतात की एकमेकांकडे झुकतात? आवाज 'धप्प' होतो की मांजरासारखा हलका? प्रत्येकीने पाच वेळा उतरायचे आणि आकडे वहीत लिहायचे. मग दोन महिने, आठवड्यातून तीन दिवस, खेळाच्या आधी पंधरा मिनिटे उतरण्याचा सराव करायचा आणि तीच पाच उतरणी पुन्हा मोजायची. ज्यांचा गुडघा आधीच दुखतो त्यांनी हा प्रयोग करू नये, त्यांनी नोंदी ठेवाव्यात. पहिल्या आठवड्याचे पान फाडू नका, तुलनेला तेच लागेल.